विश्लेषण : जायकवाडीच्या पाण्याचा हिशेब एकाच फेरीत का सुटत नाही?

१५ ऑक्टोबर जवळ आला की छत्रपती संभाजीनगर, नाशिक आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांत एकच आकडा चर्चेत येतो, ६५ टक्के. जायकवाडी तेवढे भरले नाही तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असा नियम आहे. पाणी किती सोडायचे, वाटेत किती मुरेल आणि उन्हाळ्यात किती उडून जाईल, हे सांगणारे तक्ते संगणकावर तयार होतात. या तक्त्यांच्या पोटात मात्र एक विचित्र अडचण दडलेली असते. इथे उत्तर काढण्यासाठी उत्तरच आधी माहीत असावे लागते. अभियंते या अडचणीतून वाट कशी काढतात आणि तीच रीत चुकीच्या ठिकाणी वापरली तर काय घोळ होतो?

६५ टक्क्यांचा नियम आला कुठून?

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. त्यातील ७३८ दलघमी मृत साठा वजा केला की २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठा उरतो. वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणे आहेत. ती आधी भरतात, जायकवाडी शेवटी.

ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील धरणे एकत्रितपणे कशी चालवावीत, याचा अभ्यास हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला आणि २०१३ मध्ये अहवाल दिला. मेंढेगिरी तेव्हा ‘वाल्मी’ या संस्थेचे महासंचालक होते. जल आणि भूमी व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ही संस्था याच शहरात, कांचनवाडीत आहे. या अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा (खरिपातील वापर धरून) ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हा त्याचा गाभा. उपयुक्त साठ्याचे ६५ टक्के म्हणजे १,४११ दलघमी, टीएमसीत सांगायचे तर पन्नासच्या जवळपास.

नियम एका वाक्यात सांगता येतो. तो लागू करायचा तर प्रत्येक धरणातील प्रत्येक महिन्याच्या आवक-जावकेचा हिशेब लागतो.

मग अडचण कुठे येते?

जमाखर्च तसा साधाच. महिन्याच्या सुरुवातीचा साठा घ्या, आलेले पाणी मिळवा, कालव्याला आणि शहराला दिलेले वजा करा, उडून गेलेले वजा करा. उरेल तो अखेरचा साठा.

यातील ‘उडून गेलेले’ हा शब्द गोंधळ घालतो. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होते. पृष्ठभाग जितका मोठा, तितके पाणी जास्त उडते, आणि जायकवाडी तर पसरट धरण आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते. साठा कमी झाला की पाणी काठापासून मागे सरकते आणि पृष्ठभाग आक्रसतो. त्यामुळे महिन्याभराचे बाष्पीभवन काढायचे तर सुरुवातीच्या आणि अखेरच्या क्षेत्राची सरासरी घ्यावी लागते. अखेरचे क्षेत्र अखेरच्या साठ्यावर ठरते. अखेरचा साठा बाष्पीभवनावर ठरतो. आणि बाष्पीभवनच तर काढायचे आहे!

आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा प्रकार. फरक इतकाच की याला उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी लवकर मिळते.

फेऱ्या मारायच्या म्हणजे काय करायचे?

उत्तराचा अंदाज धरायचा, त्यावरून हिशेब करायचा, हिशेबातून जे उत्तर निघेल तेच नवा अंदाज मानून पुन्हा तोच हिशेब करायचा. लागोपाठच्या दोन उत्तरांत नगण्य फरक उरला की थांबायचे. या प्रत्येक वळशाला इंग्रजीत ‘इटरेशन’ म्हणतात. मराठीत ‘आवर्तन’ म्हणता आले असते, पण पाटबंधाऱ्याच्या भाषेत आवर्तन म्हणजे कालव्याची पाणीपाळी. म्हणून इथे साधे ‘फेरी’ म्हणू.

समजण्यापुरते सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. मे महिन्याच्या सुरुवातीला धरणात १,५०० दलघमी पाणी आहे आणि त्याचे क्षेत्र २५० चौरस किलोमीटर आहे. साठा दर १०० दलघमीने घटला की क्षेत्र १० चौरस किलोमीटरने घटते. महिन्यात ३०० मिलिमीटर, म्हणजे ०.३ मीटर जाडीचा थर उडून जातो. कालवे आणि पाणीपुरवठा मिळून २०० दलघमी वापर आहे, आवक शून्य. (एक चौरस किलोमीटरवरचा एक मीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक दलघमी. त्यामुळे गुणाकार सरळ होतो.)

पहिली फेरी : क्षेत्र महिनाभर २५० च राहिले असे धरा. बाष्पीभवन ७५ दलघमी. अखेरचा साठा १,२२५.

दुसरी फेरी : साठा १,२२५ असेल तर क्षेत्र २२२.५ होते. २५० आणि २२२.५ यांची सरासरी २३६.२५. तिला ०.३ ने गुणले की बाष्पीभवन ७०.८८. अखेरचा साठा १,२२९.१२.

तिसरी फेरी : या साठ्याला क्षेत्र २२२.९१. सरासरी २३६.४६. बाष्पीभवन ७०.९४.

चौथी फेरी : पुन्हा ७०.९४.

संपले. चौथ्या फेरीत दुसऱ्या दशांशापर्यंत काहीच बदलले नाही. सुरुवात ७५ ऐवजी शून्यापासून किंवा २०० पासून केली असती तरी पोहोचलो असतो ७०.९४ वरच, फार तर एखादी फेरी जास्त लागली असती. पहिला अंदाज चांगला असण्याची सक्ती नाही, हे या रीतीचे मोठे सुख. बीजगणित पक्के असलेला वाचक म्हणेल, हे तर एका समीकरणात सुटते. खरे आहे, ७२ भागिले १.०१५ केले की झाले. पण ते सुटते कारण क्षेत्र आणि साठा यांचे नाते आपण सरळ रेषेचे धरले. खऱ्या धरणात ते नाते सर्वेक्षणातून आलेल्या तक्त्यात असते आणि त्याचा आलेख वाकडातिकडा असतो. तिथे सूत्र चालत नाही, फेऱ्या चालतात.

चार दलघमीने असे काय बिघडते?

पहिल्याच फेरीवर थांबलेल्या कारकुनाचे उत्तर ७५ आणि खरे उत्तर ७०.९४. फरक ४.०६ दलघमी. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर, तेव्हा हा फरक ४०६ कोटी लिटरचा झाला. एखाद्या शहराला रोज १५ कोटी लिटर पाणी लागते असे धरले, तर हे २७ दिवसांचे पाणी आहे. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर घरातली पिंपे, टाक्या आणि बादल्या यांचे वेळापत्रक बसवलेल्या माणसाला २७ दिवस म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. धरण रिकामे होत असते तेव्हा सुरुवातीचे क्षेत्र नेहमीच मोठे असते, म्हणून बाष्पीभवन दर महिन्याला जास्तच दिसते. धरण भरत असते तेव्हा ते दर महिन्याला कमी दिसते. म्हणजे चुका एकमेकींना खोडत नाहीत, हंगामभर एकाच बाजूला झुकतात. वरच्या आणि खालच्या धरणांचा हिशेब दोन वेगळ्या रीतींनी केला, तर कोणाच्या वाट्याचे पाणी कागदावर कुठे नाहीसे झाले, यावरून भांडण जुंपायला तेवढे पुरते.

महिन्याऐवजी रोजचा हिशेब ठेवला तर?

तर फेऱ्यांची गरजच जवळजवळ संपते. एका दिवसात क्षेत्र एक चौरस किलोमीटरहून कमी घटते. त्यामुळे रोज सकाळचेच क्षेत्र धरले तरी वरच्या उदाहरणातली महिन्याची चूक चार दलघमीवरून सुमारे ०.१४ दलघमीवर येते. काळाचे तुकडे बारीक करणे हा फेऱ्यांना प्रामाणिक पर्याय आहे. संगणकाला ३६५ ओळींचे ओझे नसते. ओझे असते ते माहितीचे. जुन्या वर्षांची आवक अनेक ठिकाणी दहा दिवसांची किंवा महिन्याची एकत्रच मिळते, रोजची मिळत नाही. तिथे फेऱ्यांना पर्याय उरत नाही.

ही युक्ती संगणकाबरोबर आली का?

मुळीच नाही. भारतीय ज्योतिषगणितात तिला ‘असकृत् कर्म’ असे नाव आहे. सकृत् म्हणजे एकदा, असकृत् म्हणजे पुन्हा पुन्हा. सूर्यग्रहणाच्या गणितात नेमका हाच पेच पडतो. पाहणारा पृथ्वीच्या मध्यात नसून पृष्ठभागावर असतो, त्यामुळे चंद्र जागचा थोडा सरकलेला दिसतो. त्याला लंबन म्हणतात. ग्रहणाची वेळ लंबनावर ठरते आणि लंबन किती, हे वेळेवर ठरते. मग आधी एक वेळ धरायची, लंबन काढायचे, वेळ दुरुस्त करायची आणि दोन्ही स्थिर होईपर्यंत फिरत राहायचे.

‘सिद्धान्तशिरोमणी’ (११५०) लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ उभारला. त्याला मिळालेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आहे. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की तिथे पोहोचता येते. धूळपाटीवर आकडे मांडून आणि पुसून हे गणित होत असे. एक्सेलचा रकाना तेच काम करतो, फक्त न कंटाळता.

एक्सेलमध्ये हे कसे मांडायचे?

वरचेच उदाहरण घ्या. ‘बी१’ मध्ये सुरुवातीचा साठा, ‘बी२’ मध्ये वापर, ‘बी३’ मध्ये उडणाऱ्या थराची जाडी, ‘बी४’ मध्ये सुरुवातीचे क्षेत्र. ‘बी५’ हा अखेरचा साठा, म्हणजे बी१ वजा बी२ वजा बी७. ‘बी६’ मध्ये त्या साठ्याचे क्षेत्र. ‘बी७’ मध्ये बाष्पीभवन, म्हणजे बी४ आणि बी६ यांची सरासरी गुणिले बी३. बी७ चे सूत्र लिहून एंटर दाबताच एक्सेल ‘सर्क्युलर रेफरन्स’ची ताकीद देते. बी५ ला बी७ हवा, बी६ ला बी५ हवा आणि बी७ ला बी६ हवा, अशी साखळी गोल फिरली आहे.

बहुतेक जण इथे घाबरून सूत्र खोडतात. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज या वाटेने जाऊन ‘एनेबल इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’वर खूण केली की एक्सेल स्वतः फेऱ्या मारू लागते. तिथे दोन आकडे विचारले जातात. जास्तीत जास्त फेऱ्या (आधीपासून १००) आणि दोन फेऱ्यांतला चालण्याजोगा फरक (आधीपासून ०.००१). यापैकी जे आधी घडेल तिथे एक्सेल थांबते. गुगल शीट्समध्ये हीच सोय फाइल, सेटिंग्ज, कॅल्क्युलेशन इथे आहे. तिथे आधीपासून ५० फेऱ्या आणि ०.०५ फरक असतो. दलघमीत ०.०५ म्हणजे पाच कोटी लिटर, तेव्हा तो आकडा बदलून घेतलेला बरा.

या सोयीला तीन काटे आहेत. पहिला काटा असा की खूण केल्यावर ताकीद बंद होते. मग दुसऱ्या एखाद्या ठिकाणी चुकून तयार झालेले चक्रही एक्सेल निमूटपणे फिरवत राहते आणि ती चूक कोणाला दिसत नाही. एक्सेलची ही खूण एका फाइलपुरतीही नसते, त्या वेळी उघडलेल्या इतर फाइलींनाही ती लागू होते. दुसरा काटा, चक्रात एकदा ‘एरर’ शिरली की ती स्वतःलाच खाऊ घालत राहते. मूळ आकडा दुरुस्त केला तरी जात नाही. म्हणून जाणकार एक ‘रीसेट’चा रकाना ठेवतात. त्यात १ लिहिले की बी७ मध्ये ठरावीक अंदाज, उदाहरणार्थ ७५, बसतो आणि ० लिहिले की सूत्र पुन्हा सुरू होते. ‘इफ’च्या एका सूत्रात हे होते. तिसरा काटा, १०० फेऱ्या संपल्या म्हणून थांबलो की फरक मिटला म्हणून थांबलो, हे एक्सेल सांगत नाही.

सरकारी हिशेबासाठी तर ही खूण न करता प्रत्येक फेरीला स्वतंत्र रकाना द्यावा, हे अधिक चांगले. पाच रकाने शेजारी शेजारी, ७५, ७०.८८, ७०.९४, ७०.९४, ७०.९४. जागा जास्त जाते, पण वही दुसऱ्याच्या हाती गेली तरी त्याला उत्तर कसे स्थिरावले हे डोळ्यांनी दिसते. जिथे उद्या न्यायालयातही आकडा दाखवावा लागू शकतो, तिथे ही पारदर्शकता चार रकान्यांपेक्षा मोलाची.

सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर वेगळे काय करते?

गोल्डसिम, वीप, व्हेन्सिम अशा सॉफ्टवेअरमध्ये धरण, कालवा, शहर यांची चित्रे जोडून प्रतिकृती उभी करता येते. ही सॉफ्टवेअर दोन प्रकारच्या चक्रांत फरक करतात आणि नवशिक्याची पहिली गफलत इथेच होते.

आजच्या साठ्यावर आजचे बाष्पीभवन ठरते आणि त्याने उद्याचा साठा बदलतो, हे चक्र चालते. कारण मध्ये एक रात्र आहे. काळ पुढे सरकतो आणि गोल गोल फिरण्याऐवजी हिशेब जिन्यासारखा चढत जातो. पण आजचे बाष्पीभवन आजच्याच अखेरच्या साठ्यावर ठरवले, तर मध्ये वेळेचा अवकाशच नाही. अशा जागी सॉफ्टवेअर अडते. मग दोन वाटा. एक, मागच्या टप्प्यातले मूल्य वापरायचे. गोल्डसिममध्ये त्यासाठी ‘प्रीव्हियस व्हॅल्यू’ नावाचा घटक आहे, वीपमध्ये तशाच कामाचे फंक्शन आहे. दोन, त्या तुकड्याभोवती आतल्या फेऱ्यांचे कुंपण घालायचे. गोल्डसिममध्ये त्याला ‘लूपिंग कंटेनर’ म्हणतात. कंटेनरमधले घटक अट पूर्ण होईपर्यंत फिरतात आणि मगच बाहेरचे घड्याळ पुढच्या महिन्यात जाते.

म्हणजे चक्रे एकात एक असतात. सर्वांत आत बाष्पीभवनाच्या चार-पाच फेऱ्या. त्याबाहेर वर्षाचे बारा महिने. त्याबाहेर जुन्या नोंदींतील अनेक वर्षे, ओली आणि कोरडी. आणि सर्वांत बाहेर धोरणाचा प्रश्न, ६५ ऐवजी ६० किंवा ७० टक्के धरले असते तर किती वर्षे खालच्या शेतीला पाणी मिळाले असते? आतली गाठ सैल राहिली तर बाहेरच्या प्रश्नाचे उत्तरही डळमळते.

फेऱ्या थांबल्याच नाहीत तर?

बाष्पीभवनाचे चक्र सालस आहे, दर फेरीला चूक दीड टक्क्यावर येते. नदीतून पाणी सोडण्याचे चक्र तसे नाही.

२०२३ च्या टंचाईत ३० ऑक्टोबरला आदेश निघाला. मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५ आणि गोदावरी-दारणा समूहातून २.६४ टीएमसी, मिळून ८.६ टीएमसी पाणी सोडायचे होते. प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबर उजाडला. कोरड्या पात्रातून येणारे पाणी वाटेत मुरते, डोहांत अडकते, मोटारींनी उपसले जाते. पैठणला ठरावीक पाणी पोहोचवायचे तर किती सोडावे, हा पुन्हा तोच पेच. सोडायचे पाणी घटीवर ठरते आणि घट सोडलेल्या पाण्यावर.

पुन्हा काल्पनिक आकडे. ६ टीएमसी पोहोचवायचे आहे. पात्र भिजवायला १ टीएमसी जाईल आणि सोडलेल्या पाण्याचा पाचवा भाग वाटेत संपेल. फेऱ्या अशा : ६, ८.२, ८.६४, ८.७३, ८.७५. स्थिरावले, पण जरा सावकाश. वाटेत निम्मे पाणी जाणार असेल तर उत्तर १४ टीएमसी येते आणि तिथे पोहोचायला डझनभर फेऱ्या लागतात. घटीचे प्रमाण जसजसे पूर्ण एकाकडे जाईल तसतसे उत्तर दूर पळते. सोडू ते सगळेच मुरत असेल तर कुठलीच फेरी शेवटची नाही. संगणक तेव्हा फुगत जाणारे आकडे दाखवतो. ती सॉफ्टवेअरची चूक नाही, नदीने दिलेले उत्तर आहे. पावसाळा संपताच, पात्र ओले असताना पाणी सोडावे, असा आग्रह मराठवाड्यातून धरला जातो, त्याचे गणित हेच.

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे, ‘असेल तर, नसेल तर’ अशा अटीत. समजा, पाणी न सोडता जायकवाडी ६० टक्के आहे आणि सोडल्यावर ६८ टक्के होते. प्रतिकृतीत अट लिहिली : साठा ६५ पेक्षा कमी असेल तर सोडा. पहिल्या फेरीत ६० दिसले, पाणी सोडले, साठा ६८ झाला. दुसऱ्या फेरीत ६८ दिसले, म्हणून सोडलेले पाणी मागे घेतले, साठा पुन्हा ६०. तिसऱ्या फेरीत पुन्हा ६८. हे अखंड चालते. फेऱ्यांची मर्यादा १०० ठेवली तर तक्त्यात ६० छापले जाईल आणि ९९ ठेवली तर ६८. वरच्या धरणांतून पाणी सुटणार की नाही, हे त्या अहवालात कोणीतरी न पाहता सोडलेल्या एका सेटिंगवर ठरेल!

संख्या थोडी इकडेतिकडे उड्या मारत असेल तर प्रत्येक फेरीत पूर्ण उडी न घेता अर्धीच घ्यायची, या ‘डॅम्पिंग’ने ती शांत होते. हो-नाहीच्या अटीला मात्र अर्धी उडी नसते. तिथे चक्र तोडावेच लागते आणि कुठे तोडायचे हे गणित सांगत नाही, नियम सांगतो. आदेशात १५ ऑक्टोबर ही तारीख आहे ती इथे कामी येते. त्या दिवशीचा, पाणी सोडण्यापूर्वीचा साठा एकदा टिपायचा, तो कुलूपबंद करायचा आणि निर्णय त्यावरच घ्यायचा. नंतर साठा कितीही वाढो, अट पुन्हा तपासायची नाही. प्रतिकृती बांधणाऱ्याने आदेश वाचलेला असेल तर हे चक्र तयारच होत नाही.

शहरातल्या जलवाहिन्यांतही हेच चक्र आहे का?

आहे, आणि तिथे ते शब्दशः चक्र आहे. जायकवाडीचे पाणी लांबून, चढ चढून शहरात येते. गल्लोगल्लीच्या वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एखाद्या चौकात पाणी दोन वाटांनी पोहोचू शकते. कुठल्या वाटेने किती जाईल हे दाबावर ठरते आणि दाब किती घटेल हे वाहणाऱ्या पाण्यावर.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये यावर रीत दिली. प्रवाहाची वाटणी अंदाजाने धरा, गोल फिरून मूळ जागी या, दाबाची घट जुळली नाही तर वाटणी थोडी दुरुस्त करा, पुन्हा फिरा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत कॅल्क्युलेटरवर तीन-तीन फेऱ्या मारलेली ‘हार्डी क्रॉस मेथड’ ती हीच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘एपानेट’ हे मोफत सॉफ्टवेअर आज अधिक वेगवान रीतीने तेच काम करते.

मात्र एपानेटची जुनी पद्धत असे गृहीत धरते की प्रत्येक नळाला मागेल तेवढे पाणी मिळतेच, आणि त्यावरून दाब काढते. चोवीस तास पाणी असलेल्या गावात ते चालते. जिथे पाणी काही दिवसांनी तासाभरासाठी येते आणि सगळे नळ, सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात, तिथे फेऱ्या व्यवस्थित संपतात, फरक ०.००१ च्या आत येतो आणि शेवटच्या गल्लीत दाब उणे दिसतो. उणे दाबाला नळातून पाणी येत नाही. म्हणजे हिशेब स्थिरावला, पण गृहीतकच खोटे होते. २.२ या आवृत्तीपासून दाबानुसार पुरवठा घटवण्याची पद्धत निवडता येते. ती वापरायची तर पाणी सोडण्याच्या वेळा, घरोघरच्या टाक्या, नळाला थेट लावलेल्या मोटारी यांची माहिती आधी भरावी लागते. ती माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत येत नाही. वॉर्डात पाणी सोडणाऱ्या लाइनमनकडे असते ती.